आठवीच्या मुलींसाठी आठवड्याला एक तास मिळालाय – जीवनकौशल्यं म्हणून नक्की काय शिकवू?

टाचणवही (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. यंदा आठवीच्या मुलींसाठी आठवड्यातून एक तास 'जीवनकौशल्यं' म्हणून काढलाय आणि तो माझ्या वाट्याला आलाय. सुट्ट्या, परीक्षा वगैरे वजा जाता वर्षभरात वीसेक तास हाती लागतील.

पहिला तास गेल्या गुरुवारी घेतला आणि तो फसला. जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या दशकात दहा मूलभूत जीवनकौशल्यं सांगितली, ती मी फळ्यावर लिहिली. स्वतःची ओळख, समानुभूती, संवाद, नातेसंबंध, निर्णय घेणं, अडचण सोडवणं, चिकित्सक विचार, सर्जनशील विचार, भावना हाताळणं, ताण हाताळणं. मुलींनी समास आखून सुंदर अक्षरात उतरवून घेतली. मग दुसऱ्या बाकावरची एक म्हणाली, "बाई, हे परीक्षेला आहे का?" मी नाही म्हटल्याबरोबर एकतीस वह्या मिटल्या. तो आवाज अजून कानात आहे.

तर मला सांगा, तुम्ही तेरा-चौदा वर्षांचे असताना कोणीतरी तुम्हाला काय शिकवायला हवं होतं? आणि ते तासाला कसं घ्यायचं? पुस्तकी उत्तरं माझ्याकडे आहेत, मला तुमची हवीत.

शेवटचा_बाक

पोहायला शिकवायचंय आणि तुम्ही फळ्यावर पाण्याचं रासायनिक सूत्र लिहिलंत ताई :) राग मानू नका, विज्ञानाच्या बाई आहात म्हणून हेच सुचलं. पाण्यात उतरवा त्यांना.

कोरी_वही

माझं उत्तर एका ओळीत: मोठ्या माणसासमोर "मला हे नको" कसं म्हणायचं ते.

जरा सविस्तर सांगते. मी तेरा वर्षांची असताना खेळाच्या सरावाला जायचे, तिथे शिकवणारे एक जण होते. पाठीवर हात ठेवायचे, ठेवलेला हात काढायचेच नाहीत. मला कळत होतं की हे बरोबर नाही, 'चांगला स्पर्श वाईट स्पर्श' वगैरे कोणी शिकवलं नव्हतं तरी कळत होतं. अंगाला कळतंच. पण तोंडातून काय काढायचं तेच ठाऊक नव्हतं, कारण तोपर्यंतच्या आयुष्यात मोठ्यांना उलट बोलायचं नाही एवढंच शिकले होते. मी खेळ सोडला. घरी सांगितलं की कंटाळा आला. खेळ मला फार आवडायचा. आज चाळिशी उलटली तरी मैदानावरून जाताना चाल मंदावते.

त्यामुळे माहिती देऊ नका असं नाही, पण माहिती तिच्याकडे बऱ्याचदा असते. वाक्य नसतं.

दोन_मुलींचा_बाबा

कोरी_वही, वाचून गलबलून आलं. लिहिलंत ते बरं केलंत.

यावरूनच माझा अनुभव. थोरलीच्या शाळेत असं एक शिबिर झालं, त्यात त्यांच्याकडून जोडीजोडीने सराव करून घेतला. सरळ उभं राहायचं, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, कारणं द्यायची नाहीत, हसायचं नाही, आवाज न चढवता म्हणायचं "मला हे नकोय". मला फार आवडलं, घरी कौतुक केलं. आणि आठ दिवसांनी पाहुण्यांसमोर मी तिला म्हटलं गाणं म्हणून दाखव, तर ती माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "बाबा, मला आत्ता नाही म्हणायचं." माझा पारा चढला! पाहुण्यांसमोर अपमान वगैरे. रात्री बायको म्हणाली, तिने शिकलेलं वापरलं, आता तू तिला ते शिक्षेचं कारण करणार असशील तर उद्या बाहेर कोणाला ती ते म्हणायची नाही. मी जाऊन मुलीला सॉरी म्हणालो.

टाचणवही ताई, पालकांचा निदान एक तास घ्याच. घरी आम्ही मोडून काढलं तर तुमच्या वीस तासांचा काय उपयोग?

घंटा_झाली

थोडं वेगळं मत मांडतो. हे सगळं घरचं काम आहे. शाळेने गणित, भाषा, विज्ञान नीट शिकवावं, तेच धड होत नाहीये. प्रत्येक गोष्ट शाळेच्या डोक्यावर टाकायची आणि मग शिक्षकांना वेळ नाही म्हणून रडायचं. आईने मुलीला शिकवायच्या गोष्टी आहेत या. आणि वीस तासांत असा काय स्वभाव बदलणार आहे?

नर्सताई

@घंटा_झाली, तुमचा पहिला मुद्दा ज्या घरात आईला स्वतःला माहिती आहे आणि बोलायला वेळ आहे तिथे ठीक. मी शाळांमध्ये आरोग्य तपासणीला जाते. पाळी म्हणजे शरीरात नक्की काय होतं हे पाळी येण्याआधी माहीत असलेल्या मुली मला वर्गात बोटांवर मोजण्याइतक्या भेटतात. एक मुलगी पहिल्यांदा डाग दिसल्यावर आपल्याला कॅन्सर झाला म्हणून तीन दिवस एकटीच रडत होती. तिची आई चांगली होती हो, फक्त "अजून वेळ आहे" म्हणत राहिली.

टाचणवही, तुम्हाला दोन-तीन तासांचं साहित्य देते, माझं रोजचं आहे. एक, पॅड प्रत्यक्ष हातात द्या. उघडू द्या, त्यावर रंगीत पाणी ओतू द्या, किती शोषतं ते बघू द्या. पहिली पाच मिनिटं खिदळतील, मग गप्प होऊन बघायला लागतात. चार ते सहा तासांनी बदलायचं, वापरलेलं कागदात गुंडाळून टाकायचं, हे सगळं हाताने करून दाखवा.

दोन, कॅलेंडर. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. निम्म्या मुली पाळी संपल्यापासून मोजतात आणि उगाच घाबरतात. सुरुवातीच्या वर्षांत २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं. ७ दिवसांपेक्षा जास्त रक्तस्राव, किंवा तासा-दोन तासांत पॅड पूर्ण भिजणं, किंवा एकदा सुरू झाल्यावर ३ महिने पाळीच न येणं, ही डॉक्टरकडे जायची कारणं. एवढं एका चिठ्ठीवर लिहून वहीत चिकटवू द्या.

तीन, हिमोग्लोबिन. या वयाच्या मुलीला १२ च्या खाली म्हणजे ॲनिमिया. वर्गात पेंगते, लक्ष नाही, आळशी आहे असा शिक्का बसलेली मुलगी बऱ्याच वेळा आळशी नसते, तिला रक्त कमी असतं. हे मुलींना कळलं तर त्या स्वतःला नावं ठेवायचं थांबवतात, आणि शिक्षकांना कळलं तर तेही थांबवतात.

पायरी

नर्सताईंना +१. साधी सोपी माहिती.

आकडेमोड

घंटा_झाली यांच्या 'वीस तासांत काय होणार' या प्रश्नाला उत्तर आहे, कारण हे मोजून बघितलंय. झांबियातल्या लुसाका शहरात आठवीतल्या मुलींना शाळा सुटल्यावर दोन आठवडे वाटाघाटी शिकवल्या. म्हणजे आधी मला नक्की काय हवंय ते ओळखायचं, मग समोरच्याला काय हवंय ते विचारायचं, मग दोघांचं कुठे जमतं ते शोधायचं. तुलनेसाठी दुसऱ्या मुलींना शिकवलं काहीच नाही, फक्त तितकाच वेळ एकत्र जमायला आणि खेळायला सुरक्षित जागा दिली. नंतर काही वर्षं मागोवा घेतला तर वाटाघाटी शिकलेल्या मुली शिक्षणात पुढे होत्या. २०२० साली अर्थशास्त्राच्या एका नावाजलेल्या नियतकालिकात हे छापून आलंय. दोन आठवडे फक्त!

मला त्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ही वाटाघाट कोणाशी? तर मुख्यतः स्वतःच्या आईवडिलांशी. माझी फी भरा, मला शाळेत राहू द्या, घरातलं काम मी अमुक वेळी करते पण परीक्षेच्या आठवड्यात मला सूट द्या. रडून किंवा रुसून मागायचं नाही, मुद्द्याने मागायचं.

दुसरं उदाहरण राजस्थानचं. तिथे 'रूम टू रीड' संस्थेने शाळांमध्ये मुलींसाठी जीवनकौशल्याचे तास आणि एक मार्गदर्शक ताई असा कार्यक्रम चालवला. सहावी-सातवीतली गळती साधारण पाव हिश्शाने कमी झाली. म्हणजे ज्या चार मुली शाळा सोडणार होत्या त्यातली एक टिकली. तुमचं गणित-विज्ञान शिकवायला आधी मुलगी वर्गात तर पाहिजे ना घंटा_झाली?

घंटा_झाली

@आकडेमोड गळतीचा मुद्दा पटला. तसा विचार केला नव्हता. पण मग शिकवणारा तसा हवा. आमच्या वेळी एक पाहुणे आले होते, एक तास भीती घालून गेले, हे करू नका ते करू नका. कोणावर काही परिणाम नाही.

आकडेमोड

भीती घालण्याबद्दल १००% सहमत. अमेरिकेत १९८३ मध्ये लॉस एंजेलिसला पोलिसांनी शाळेत जाऊन ड्रग्जविरोधी धडे द्यायचा 'डेअर' नावाचा कार्यक्रम सुरू झाला, देशभर पसरला, अफाट लोकप्रिय होता. पुढे त्याच्या परिणामांचे अभ्यास झाले तेव्हा व्यसनांवर जवळजवळ काही फरक पडला नाही असंच पुन्हा पुन्हा दिसलं. गणवेशातल्या माणसाने येऊन सांगितलं म्हणून मुलं बदलत नाहीत.

बटण_तुटलं

मंडळी, सगळे गंभीर बोलताय तर मी जमिनीवर आणते. जीवनकौशल्य म्हणजे फ्यूज उडाला तर मेन स्विच कुठे आहे हे माहीत असणं, गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण न दाबणं, सायकलची चेन चढवणं, बँकेची स्लिप भरणं, आणि सही करायच्या आधी कागद वाचणं!! शेवटचं तर फ्रेम करून लावा.

शेवटचा_बाक

आणि तुटलेलं बटण लावणं हे मुलग्यांच्या वर्गात शिकवा, म्हणजे मुलींच्या यादीतून एक काम कमी होईल :)

बटण_तुटलं

हाहा! आयडी सार्थकी लागला. पण खरंच, मुलगे कुठे आहेत या सगळ्यात? मुलींना 'नाही' म्हणायला शिकवायचं आणि ज्याने ते 'नाही' ऐकायचं तो मैदानावर क्रिकेट खेळतोय.

पायरी

हेच लिहायला आले होते. सगळं ओझं मुलींवरच का? सांभाळून राहा, जपून राहा, अंग चोरून राहा, आणि आता कौशल्यंही तुम्हीच शिका. माझ्या शाळेत एका मुलीला मुलांनी त्रास दिला तेव्हा ऑफिसमध्ये बोलावून तिला पहिला प्रश्न विचारला गेला, "तू तिथे थांबलीसच का?" त्या प्रश्नानंतर पुढची दोन वर्षं वर्गातल्या कुठल्याच मुलीने कुठलीच तक्रार केली नाही. आणि शाळेला वाटलं, आता सगळं छान चाललंय.

आकडेमोड

पायरी, यावरही एक मोठा प्रयोग झालाय. हरियाणातल्या ३१४ सरकारी शाळा त्यात होत्या, त्यातल्या १५० शाळांमध्ये 'ब्रेकथ्रू' संस्थेचा अडीच वर्षांचा कार्यक्रम होता, सातवी ते दहावी, मुलगे-मुली दोघांसाठी, वर्गात चर्चा घडवायच्या. दोघांचेही विचार समानतेकडे सरकले. मुलगे घरकामात जास्त हात लावायला लागले. पण मुलींचं वागणं मुलग्यांइतकं बदललं नाही. कारण सरळ आहे, विचार बदलला तरी तसं वागायची मोकळीक मुलीला घरातून मिळावी लागते, मुलग्याला ती आधीच असते. म्हणून मुलग्यांना घेतलंच पाहिजे.

नर्सताई

घ्याच, पण सगळेच तास एकत्र नको. मुलगे वर्गात असले की पाळीबद्दल एकही प्रश्न येत नाही हो, मी दहा शाळांत बघितलंय. थोडे तास वेगळे, थोडे एकत्र. मुलग्यांनाही पाळीची माहिती द्यायची, पण मुलींचे प्रश्न विचारून झाल्यावर.

कोरी_वही

अनुमोदन. आणि आम्हाला हसायला एक बंद खोली हवी असते, ते विसरू नका.

रात्रपाळी

मोबाईलबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? मी सायबर तक्रारींशी संबंधित काम करतो, जास्त तपशील देत नाही. आमच्याकडे येणाऱ्या प्रकरणांत एक ठराविक साचा असतो. आधी गोड बोलणं, मग "फक्त माझ्यासाठी" म्हणून फोटो, मग "हे केलं नाहीस तर फोटो सगळ्यांना पाठवतो". मुलगी एकटीच त्याचं म्हणणं ऐकत राहते, प्रत्येक वेळी वाटतं आता तरी थांबेल. तो थांबत नाही. ऐकलं की मागणी वाढतेच.

शिकवायचं ते इतकंच: पुढचं काहीही द्यायचं नाही, ना फोटो ना पैसे. मेसेज डिलीट करायचे नाहीत, पुरावा तोच आहे, स्क्रीनशॉट काढायचे, समोरच्याचं प्रोफाइल दिसेल असे. ब्लॉक करायचं ते त्याच्यानंतर. आणि त्याच दिवशी एका मोठ्या माणसाला सांगायचं.

आता खरी अडचण. मी मुलींना विचारतो आधी का नाही सांगितलंस, तर उत्तर जवळजवळ नेहमी एकच असतं: "फोन काढून घेतला असता." मारतील ही भीती दुसऱ्या नंबरवर. ज्या घरात मुलीला पक्कं माहीत असतं की सांगितलं तर आधी ऐकून घेतील, फोनचं नंतर बघतील, ती मुलगी पहिल्या दिवशी येते. बाकीच्या तीन-चार महिन्यांनी येतात आणि तोवर फार काही होऊन गेलेलं असतं. पालकांच्या तासाला दुसरं काही नाही जमलं तरी हे सांगा.

दोन_मुलींचा_बाबा

रात्रपाळी, आज जेवताना दोघींनाही हे शब्दशः सांगतो. "आधी ऐकेन, फोनचं नंतर." धन्यवाद.

पेन्सिलटोक

मी शाळेत समुपदेशक आहे, दोन गोष्टी पद्धतीबद्दल. बाकी वर सगळं आलंय.

चिठ्ठ्यांचा डबा ठेवा. पण फक्त 'ज्यांना विचारायचंय त्यांनी चिठ्ठी टाका' असं केलंत तर कोण लिहितंय ते सगळा वर्ग बघतो आणि डबा रिकामा राहतो. सगळ्यांना सारखे कागद द्या, प्रत्येकीने घडी घालून टाकायचाच, काही विचारायचं नसेल तर दिवसाचा वार लिहा. म्हणजे प्रत्येक पेन हललेलं दिसतं. मी 'कोरा टाका' म्हणायचे, तर लिहिणाऱ्या लगेच उघड्या पडायच्या.

दुसरं जास्त महत्त्वाचं. कुणी मुलगी तासानंतर मागे थांबेल आणि म्हणेल, "बाई, कोणाला सांगू नका हं." तुम्ही पटकन "नाही गं, कोण्णालाच नाही" म्हणाल. म्हणू नका. मी पहिल्या वर्षी असं वचन दिलं आणि तिने जे सांगितलं ते गप्प बसण्यासारखं नव्हतं. मला बोलावं लागलं, आणि तिच्या लेखी मीही शब्द मोडणाऱ्यांतली एक झाले. ती पुन्हा माझ्याशी बोलली नाही. तेव्हापासून आधीच सांगते: "तू सांगतेस ते मी वर्गात बोलणार नाही, स्टाफरूममध्ये बोलणार नाही. पण तुला इजा होत असेल तर मदतीसाठी मला एखाद्याला सांगावं लागेल. कोणाला, ते तुला आधी सांगेन." हे ऐकूनही मुली सांगतात. थोड्या थांबतात, विचार करतात आणि सांगतात.

आणि तास सुरू करायच्या आधी शाळेत ठरवून घ्या की असं काही समोर आलं तर पुढे कोणाकडे जायचं, कायदा काय करायला लावतो. मुलीला बोलतं करायचं आणि मग धावाधाव करायची हे फार वाईट.

घंटा_झाली

मी वर विरोधात लिहिलं होतं. पेन्सिलटोक यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. घरचं काम आहे असं मी अजूनही म्हणेन, पण घरातच त्रास असेल तर मुलीने जायचं कुठे याचं उत्तर माझ्याकडे नाही. शब्द मागे घेतो.

अवांतर_काका

फार चांगला धागा. एक भर: हरायला शिकवा. निवडणुकीत, स्पर्धेत, मैत्रीत. माझी नात बक्षीस नाही मिळालं की दोन दिवस जेवत नाही.

टाचणवही (धागाकर्ती)

तीन आठवड्यांनी येतेय, सॉरी. सगळे प्रतिसाद छापून टाचणवहीत लावलेत, खरंच.

काय केलं ते सांगते. आधी मुख्याध्यापकांशी बसून पेन्सिलटोक म्हणाल्या तसं कोणाकडे जायचं ते कागदावर ठरवून घेतलं, त्यातच दोन आठवडे गेले. काल कोरी_वहींच्या वाक्यापासून सुरुवात केली. बाक भिंतीला लावले, जोड्या पाडल्या. एकीने वही मागायची, उसनी, चौथ्यांदा. दुसरीने नाही म्हणायचं. एवढंच. फार मोठ्या प्रसंगाने सुरुवात करायची नाही असं ठरवलं होतं.

पहिल्या फेरीत एकतीस मुलींपैकी सव्वीस जणींनी वही देऊन टाकली! हसत हसत. एकीने तर "नाही" म्हणून झाल्यावर स्वतःहून वही पुढे केली. मग मी विचारलं काय झालं, तर एक म्हणाली, "बाई, तिला वाईट वाटलं तर?" त्यावर पंधरा मिनिटं बोलल्या त्या, मला तोंड उघडावं लागलं नाही. दुसऱ्या फेरीत मैत्रिणी एकमेकींना सांगायला लागल्या, तू मान तिरकी करतेस, तू हसतेस म्हणून खरं वाटत नाही, पाय नीट रोव. तिसऱ्या फेरीला एक अगदी गप्प असणारी मुलगी, वर्षभरात जिचा आवाज मी हजेरीशिवाय ऐकला नाही, ती म्हणाली, "नाही. मला ती रात्री लागते." वर्ग एकदम शांत झाला आणि मग टाळ्या.

आज सकाळी गणिताचे सर स्टाफरूममध्ये म्हणाले, तुमच्या तासाला काय करता हो, त्या मुलीने आज उभं राहून "सर मला कळलं नाही, परत सांगा" म्हटलं.

तासाच्या शेवटी डबाही फिरवला. एकतीस चिठ्ठ्या. 'गुरुवार' लिहिलेल्या तेरा निघाल्या. बाकीच्यांतल्या अकरा पाळीबद्दल आहेत आणि त्यातल्या निदान चार प्रश्नांची उत्तरं मला नीट देता येणार नाहीत. नर्सताई, पुढच्या गुरुवारी येऊ शकाल का? ठिकाण वगैरे व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

नर्सताई

येते की! दुपारनंतरचा तास ठेवा. पाण्याची बाटली, थोडी शाई आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा तयार ठेवा, पॅड मी आणते. आणि त्या अकरा चिठ्ठ्या आधी मला टाईप करून पाठवा, मुलींच्याच शब्दांत, सुधारू नका.

कोरी_वही

"मला ती रात्री लागते." किती छान म्हणाली ती.